नऊ आणि सोळा सत्तावीस

पुर्वान्तीची आकृती सगळ्यांत आधी पाहिली ती तिच्या आईने, आणि आईला ती एका नजरेत कळली. शहाण्यांच्या जगात काम तिथेच संपलं असतं. पण आकृती आईने नाही, समितीने मंजूर करायची होती, आणि समितीला कळणं ही फार पुढची पायरी असते.

जावातल्या योग्याकार्ता शहरातल्या एका सरकारी केंद्रात पुर्वान्ती शाळांसाठी गणिताच्या हलत्या आकृत्या करायची. नोकरी वर्षावर्षाच्या कराराची, आणि हे वर्ष महिनाअखेरीस सरत होतं. या खेपेला तिच्या वाट्याला पायथागोरसचा सिद्धांत आला होता. मधोमध काटकोन त्रिकोण, त्याच्या तिन्ही बाजूंना चौरसाकार टाक्या. लहान टाकीत नऊ घरं पाणी, मधलीत सोळा, कर्णावरची मोठी टाकी कोरडी. मग सगळी आकृती हळूहळू उलटी फिरते, दोन्ही टाक्यांतलं पाणी खाली उतरतं आणि मोठी टाकी पंचवीस घरं काठोकाठ भरते. ना एक थेंब कमी, ना एक थेंब जास्त. शब्द एकही नाही.

आई राहायची गुनुंगकिदुलच्या डोंगरात, वोनोसारीच्याही पलीकडे. उन्हाळ्यात तिथे पाणी टँकरने येतं आणि माणसं पाण्याकडे सोनाराच्या नजरेने बघतात. तिसरीत शाळा सुटलेल्या सिम्बोकने, म्हणजे आईने, फोनवर आकृती पाहिली, हाताने पुसून पुन्हा पाहिली आणि म्हणाली, "हा टँकरवाला कोण गं, न्दुक पोरी? माप चोख आहे त्याचं."

पुर्वान्तीने बारा वर्षं गणित शिकून जे पाठ केलं होतं, ते आईने अंगणात बसल्या बसल्या ओळखलं होतं. त्या दिवशी तिने मनाशी ठरवलं, ही आकृती प्रांतातल्या प्रत्येक आठवीच्या वर्गात जायला हवी, आणि जाईल ती खरीच जाईल.

समितीत तिघं होते. पाक म्हणजे साहेब, बू म्हणजे बाई, आणि पुर्वान्ती त्यांची म्बाक, म्हणजे ताई. अध्यक्ष पाक कुंचोरो. आयुष्यात त्यांनी कोणाला दुखवलं नाही अशी त्यांची ख्याती होती, आणि त्यापायी त्यांच्या देखरेखीखालच्या तीन इमारती अर्धवट राहिल्या होत्या. दुसऱ्या बू विंदार्ती, निवृत्त मुख्याध्यापिका. मुलांवर काय संस्कार होतात ते बघायला त्या होत्या. त्या कधी आवाज चढवत नसत, म्हणून सगळे त्यांना टरकून असत. तिसरे पाक सुकिर्मान, चाळीस वर्षं विद्यापीठात गणित शिकवून थकलेले प्राध्यापक. समितीने आजवर एकदाही मतदान घेतलं नव्हतं. मतदान घेणं म्हणजे भांडणं मोजणं, असं पाक कुंचोरो म्हणत. तिन्ही माना एकदम हलेपर्यंत बसायचं, हाच तिथला कायदा होता.

पहिल्या बैठकीत खाऊचे पुठ्ठ्याचे डबे वाटले गेले, नमस्कार-चमत्कार झाले, सर्वांच्या प्रकृतीची चौकशी झाली, आणि मग आकृती फिरली. पाणी उतरलं, टाकी भरली.

"खूप सुंदर आहे, म्बाक पुर्वान्ती," पाक कुंचोरो म्हणाले.

पुर्वान्तीने वहीचं नवं कोरं पान उघडलं. 'सुंदर आहे' म्हणाले की किरकोळ दुरुस्ती असते. 'खूप सुंदर आहे' म्हणाले की सगळं नव्याने करायचं असतं.

"पाणी निळं दाखवलंयत," ते पुढे म्हणाले.

"पाणी निळंच दाखवतात, पाक."

"अगदी बरोबर. निळंच दाखवतात. माझी काहीच हरकत नाही. फक्त निवडणुका तोंडावर आल्यात ना."

निळा एका पक्षाचा होता. लाल दुसऱ्याचा, पिवळा तिसऱ्याचा, हिरव्यावर तर दोन पक्ष हक्क सांगत होते. केशरी गेल्याच वर्षी कोणीतरी घेतला होता. पांढरं पाणी दिसेना आणि काळं पाणी बघवेना. दीड तासाने, डब्यातले लेंपर, म्हणजे केळीच्या पानातले चिकट भाताचे रोल, संपल्यावर, बू विंदार्तींनी समोरच्या पेल्याकडे बोट दाखवलं. चहाचा रंग. तो कोणत्याच पक्षाचा नव्हता, कारण चहा सगळेच पक्ष पाजत होते. तिन्ही माना हलल्या. पुर्वान्तीला हायसं वाटलं, कारण रंगाने गणिताचं काही बिघडत नाही.

बिघडतं. दुसऱ्या बैठकीत बू विंदार्तींनी चष्मा पुसला आणि आकृती तीनदा फिरवायला लावली.

"हा चहा आहे का, म्बाक?"

"रंग चहाचा आहे, बू. आत पाणीच आहे."

"मुलांना काय दिसणार?"

"चहा," पुर्वान्तीने कबूल केलं.

"मग चहाच. तर हे दोन लहान चौरस बघा. शेवटच्या थेंबापर्यंत रिकामे होतायत. आम्ही मुलांना जन्मभर काय शिकवलं? पेल्याच्या तळाशी घोटभर ठेवावं. सगळं ढोसलं की माणूस हावरट दिसतो."

"पण हा कोणी पीत नाहीये, बू. ओतला जातोय."

"मग तर आणखीनच. पाहुण्यासमोर किटली उलटी करून झटकतं का कोणी? घरात चहा संपला हे जगाला ओरडून सांगायचं का?"

पुर्वान्तीने मोठ्या आशेने पाक सुकिर्मानांकडे पाहिलं. चाळीस वर्षं गणित शिकवलेला माणूस मूग गिळून थोडाच बसेल. पाक सुकिर्मानांनी घसा साफ केला.

"आमच्या ब्लोराच्या काकांकडे एक रांजण होता," ते म्हणाले. "तो झिरपायचा. लोक म्हणायचे, रांजण गळका आहे. काका म्हणायचे, गळका नाही, तहानलेला आहे, थोडं तो पितो. असं करता करता काकांची म्हैस वाळून गेली." एवढं बोलून ते थांबले आणि खिडकीबाहेर बघू लागले.

सगळे मनापासून हसले. पाक कुंचोरोंनी तर डोळे पुसले. पुर्वान्ती हसली नाही, कारण पाक सुकिर्मान आत्ता ज्या आवाजात ओरडले त्याहून मोठ्याने त्यांच्या पिढीचा जावानी माणूस ओरडूच शकत नाही हे तिला माहीत होतं. ही शुद्ध चूक आहे, असं ते म्हणाले होते. इतिवृत्तात मात्र लिहिलं गेलं: प्राध्यापक सुकिर्मान यांनी सोदाहरण सहमती दर्शवली.

"तर मग दोन्हीत एक-एक घर शिल्लक ठेवू या, म्बाक?" पाक कुंचोरोंनी विचारलं.

"इंग्गिह," पुर्वान्ती म्हणाली. म्हणजे हो. नाही म्हणायला तिला कोणी शिकवलंच नव्हतं, आणि नाही म्हणून पुढे काय करायचं असतं हे तर त्या इमारतीत कोणालाच ठाऊक नव्हतं. आणि पुढच्या खेपेला मोठी टाकी उणी दिसली की त्यांचे डोळे आपोआप उघडतील, असा तिने हिशेब केला.

तिसऱ्या बैठकीत टाकी उणी दिसली. पंचवीस घरांत चहा चढला तेवीस घरं, वर दोन घरं कोरडी. पुर्वान्ती हात बांधून डोळे उघडण्याची वाट बघत उभी राहिली.

पाक कुंचोरोंचा चेहरा खरोखरच दुःखी झाला. "मोठा चौरस उणा राहिला, म्बाक."

"उणाच राहणार, पाक. दोन घरं मागे ठेवली ना आपण. म्हणजे आता सिद्धांत…"

"पाहुण्याला उणा पेला?" बू विंदार्ती हळूच म्हणाल्या. "शोभत नाही."

"अजिबात शोभत नाही," पाक कुंचोरो म्हणाले. "काठोकाठ भरून टाका."

"भरते. लहान चौरस पूर्ण रिकामे केले की भरेल."

"तसं नको. ते तसेच राहू देत. हा भरा."

"कुठून भरू, पाक?"

मग पाक कुंचोरोंनी संगणकाकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा उजळला. "यात भरता येतं का?"

"यात काहीही भरता येतं."

"मग प्रश्नच मिटला."

पाक सुकिर्मानांनी या वेळी मेव्हण्याची गोष्ट सांगितली. मेव्हणा बाजारात मासे विकायचा आणि तागडीला अंगठा लावायचा. अंगठ्याचंही वजन लोकांनी खाल्लं, असं म्हणून ते इतके खोकले की पाणी द्यावं लागलं. सहमतीचं दुसरं उदाहरण म्हणून तेही इतिवृत्तात गेलं. जाता जाता बू विंदार्तींनी सुचवलं की वडीलधाऱ्या चौरसासमोरून जाताना लहान चौरसांनी किंचित वाकावं. त्यावर चौरस वाकला की चौरस राहत नाही, एवढं तरी पुर्वान्ती बोलली, आणि बाईंनी मोठ्या मनाने तो मुद्दा सोडून दिला. तेवढ्या सवलतीच्या बदल्यात बाकी सगळं मान्य करणं पुर्वान्तीला भाग पडलं. जावात कोणी एक पाऊल मागे आलं की आपण दोन यायचं असतं.

रंगांचे सगळे प्रयोग धरून ही चौदावी आवृत्ती तिने जेवणाच्या सुट्टीआधी उरकली. अडीच हजार वर्षांत भल्याभल्यांना जे जमलं नाही ते तिने दोन आकडे बदलून करून दाखवलं. चहा उतरायला लागला की अर्ध्या वाटेवर तो गुपचूप वाढायचा, इतक्या सफाईने की कोणाला शंका येऊ नये. लहान टाकीत एक घर, मधलीत एक घर आणि मोठी टाकी तुडुंब. नऊ आणि सोळा मिळून सत्तावीस. काम नेटकं झालं होतं, आणि ते नेटकं झालं याचीच तिला लाज वाटत होती.

रविवारी ती घरी गेली. सिम्बोक ओट्यावर कसावा सोलत बसली होती. दाखवू नये असं पुर्वान्तीने वाटेत शंभरदा ठरवलं होतं, आणि पोचल्यावर पाच मिनिटांत दाखवलं.

सिम्बोकने पाहिलं. सुरी खाली ठेवली आणि पुन्हा पाहिलं.

"हा दुसरा टँकरवाला वाटतं."

"नाही गं, तोच आहे. फक्त रंग बदललाय."

"मला शिकवू नकोस. पहिला खरा माणूस होता. ह्याच्या दोन्ही टाक्यांत उरलंय बघ, आणि तरी खालची भरली. मधे कुठून तरी नळी लावलीय मेल्याने. हे तिसऱ्याच कोणाच्या तरी घरचं पाणी आहे." तिने फोन लांब धरून निरखला. "कोणी केलं हे?"

"मी."

सिम्बोकने सुरी उचलली आणि एक अख्खा कंद सोलून होईपर्यंत मान वर केली नाही.

"आपल्या शाळेतही दाखवणार हे?"

"सगळ्याच शाळांत."

"आपली पोरं ओळखतील," सिम्बोक म्हणाली. "पण मास्तर म्हणतील हेच बरोबर. मग पोरांना वाटेल, आपलेच डोळे फुटके."

सात-आठ वर्षांची असताना पुर्वान्ती स्वतः टाकीच्या काठावर बसून बोटांनी पाणी मोजायची, आणि तिचा अंदाज कधी चुकत नसे. त्या मुलीला कोणी हे दाखवलं असतं तर तिने निमूटपणे आपलंच बोट खोटं मानलं असतं. त्या विचाराने तिला स्वतःचाच राग आला, आणि इतका राग येतो हे तिला पहिल्यांदाच कळलं.

महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारची चौथी बैठक म्हणजे केवळ सह्यांची. कागद तयार होते, पेनं नवी होती, डब्यांत आज दोन-दोन लेंपर होते. चौदावी आवृत्ती फिरली. माना हलल्या. पाक कुंचोरो समाधानाने मागे रेलले.

"एकच वाक्य शेवटी घालू या," ते म्हणाले. "आपण भाषण संपवताना नाही का म्हणत, कमीजास्त झालं असल्यास क्षमा असावी. सिद्धांताखाली ते बरं दिसेल. नम्र वाटेल."

"फार छान," बू विंदार्ती म्हणाल्या. "गणित जरा उद्धटच असतं."

"तर मग हे असं पाठवायचं ना, म्बाक?"

"नाही," पुर्वान्ती म्हणाली.

शब्द तिच्या तोंडून फार मोठ्याने आला नाही. पण त्या खोलीत तो याआधी कोणी उच्चारला नव्हता, त्यामुळे तो कुठे ठेवायचा हे कोणालाच कळेना. पाक कुंचोरोंचं पेन हवेत राहिलं. बू विंदार्तींनी लेंपरचं केळीचं पान सोडवायला घेतलं आणि सोडवतच राहिल्या.

"म्हणजे," पाक कुंचोरो म्हणाले, "अजून थोडा विचार व्हावा, असं तुम्हाला म्हणायचंय."

"नाही, पाक. विचार झालाय. हे चूक आहे. नऊ आणि सोळा पंचवीस होतात. लहान चौरस पूर्ण रिकामे होतात आणि मोठा पूर्ण भरतो. घोटभर ठेवलं तर ते खोटं होतं. मी हे पाठवणार नाही."

आता झाली पंचाईत. पुढे जायचं तर कोणीतरी तिला विरोध करायला हवा होता. म्हणजे तोंडावर, तिच्या डोळ्यांत बघून, तुमचं चूक आहे असं म्हणायला हवं होतं, आणि तसलं काही करायचं त्या तिघांच्या सात पिढ्यांत कोणाला जमलं नव्हतं. पाक कुंचोरोंनी बू विंदार्तींकडे पाहिलं. बू विंदार्तींनी पानाकडे पाहिलं. एकमताशिवाय उठायचं नाही हा कायदा होता, आणि ही मुलगी तर उठायच्या बेतात दिसत नव्हती. अर्धा तास गेला. पंखा फिरत होता. चहा कोणी पिईना, कारण 'घ्या' म्हणायचं अध्यक्षांना सुचलंच नाही.

शेवटी पाक सुकिर्मान म्हणाले, "मी रांजणाच्या वेळी हेच सांगत होतो."

"अच्छा," पाक कुंचोरोंनी सुटकेचा श्वास टाकला. "म्हणजे पाक सुकिर्मान पहिल्यापासून म्बाकशी सहमत आहेत. मीही तर तेच म्हणतोय. बू?"

"मी कधी वेगळं म्हणाले?" बू विंदार्ती म्हणाल्या.

तिन्ही माना हलल्या. इतिवृत्तात लिहिलं गेलं की समितीने पहिल्या आवृत्तीला, चहाचा रंग कायम ठेवून, एकमताने मान्यता दिली. सह्या झाल्या. पुर्वान्तीने तिथल्या तिथे आकृती पाठवून दिली, पंचवीसच्या पंचवीस घरं. पाक सुकिर्मान दाराशी तिच्याजवळ थांबले, काहीतरी बोलावं असं त्यांना वाटत होतं, पण गोष्ट न सापडल्यामुळे नुसतेच तिच्या खांद्यावर थोपटून गेले.

मग पाक कुंचोरोंनी तिला आपल्या खोलीत बोलावलं, खुर्ची पुढे सरकवली आणि स्वतःच्या हाताने चहा दिला.

"आजचं तुमचं धाडस मी जन्मात विसरणार नाही," ते म्हणाले. त्यांचा आवाज भरून आला होता. "खरं सांगू? हे केंद्र तुमच्या मानाने फार लहान आहे. तुमच्यासारख्या माणसाला आम्ही किती दिवस अडकवून ठेवायचं? आणि आई तिकडे एकट्याच असतात ना? त्यांनाही वाटत असेल, मुलगी जवळ असावी. खूप सुंदर काम केलंत तुम्ही इथे."

"मातुर नुवुन, पाक," पुर्वान्तीने वाकून आभार मानले. तिला खरंच भरून आलं होतं. उरलेले खाऊचे चार डबे त्यांनी आईसाठी बांधून दिले आणि दारापर्यंत पोचवायला आले.

डोंगराची चढण चढताना ती स्कूटरवर गात होती. घरी पोचली तेव्हा उन्हं कलली होती, सिम्बोक चुलीपाशी बसली होती. पुर्वान्तीने उभ्या उभ्या सगळं सांगितलं. ती नाही कशी म्हणाली, पान सोडवणाऱ्या बू कशा गप्प झाल्या, शेवटी सगळ्यांनी कशी मान डोलावली. सिम्बोकने दोनदा मांडीवर थाप मारली.

"आणि साहेब रागावले नाहीत?"

"रागावतील कशाला? उलट बोलावून कौतुक केलं. म्हणाले, तुमच्या मानाने केंद्र लहान आहे. म्हणाले, आईजवळ असायला हवं तुम्ही. म्हणाले, खूप…"

ती थांबली. गेली सहा वर्षं ज्या माणसाचा एकेक शब्द तिने उलटा करून वाचला होता, त्याचं सगळ्यांत सरळ वाक्य तिने आज सुलटं वाचलं होतं.

"खूप काय?" सिम्बोकने विचारलं.

पुर्वान्ती पायरीवर बसली. डबे तिने बाजूला ठेवले.

"बरं, मग सोमवारी पहाटेच निघणार ना?" सिम्बोक म्हणाली. "सकाळी काही बांधून देऊ?"

"नाही," पुर्वान्ती म्हणाली. "सोमवारी जायचं नाहीये. काढलं मला."

सिम्बोकने तिच्याकडे नीट पाहिलं. मुलगी रडायला लागली होती. तिला वाईट वाटत होतं, फार वाईट वाटत होतं, पण त्यात लाजेचा अंशही नव्हता, त्यामुळे ती मोकळेपणाने आणि मोठ्याने रडली.

"आकृती गेली ना पण?"

"गेली."

"मग रडून घे," सिम्बोक म्हणाली आणि चुलीत लाकूड सारलं. "झालं की सांग, कसाव्याचं तिवुल गरम करते."